पालखीनं किती थांबायचं

माझं पोट थांबण्यावर चालतं. म्हणजे मी थांबत नाही, दुसऱ्यांनी किती थांबायचं ते ठरवतो. विंझरच्या पुढं डोंगराकडं आत शिरणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथल्या घरात माडीवर टेबल टाकून मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीचं काम करतो. पाण्याच्या मोटारी, दूध थंड करायच्या टाक्या असल्या यंत्रांत तळहाताएवढी एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. तिच्यावर एकाच वेळी बरीच कामं चाललेली असतात, आणि त्यातल्या कुणाला झोपवायचं, कुणाला उठवायचं हे बघणारा त्यांच्यावर एक कारभारी असतो. त्याला कर्नेल म्हणतात. आमच्या कंपनीचा कर्नेल कुणीतरी फार पूर्वी लिहून ठेवलाय आणि लिहिणारा केव्हाच परदेशी गेलाय. त्याची दुखणीखुपणी माझ्या गळ्यात आहेत.

ही कामं एकमेकांशी बोलतात ती निरोपांच्या रांगेतून. एकानं रांगेत निरोप टाकायचा, दुसऱ्यानं उचलायचा. रांग रिकामी असली तर उचलणारा तिथंच झोपतो आणि निरोप आला की कर्नेल त्याला उठवतो. आमच्याकडं ही झोप बिनमुदतीची होती. निरोप आलाच नाही तर काय, हा विचार मूळ लिहिणाऱ्याला शिवलाच नव्हता. मग एका टाकीत तापमान सांगणारी वायर उंदरानं कुरतडली. सांगणारा गप्प झाला, ऐकणारा झोपून राहिला, त्या ऐकणाऱ्याच्या भरवशावर आणखी दोघं झोपले आणि सगळ्या टाकीतलं दूध नासलं. कंपनीत आरडाओरडा झाला आणि यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ते काम माझ्याकडं आलं: थांबणाऱ्या प्रत्येकाला मुदत घाल. ठरल्या वेळात निरोप आला नाही तर त्याला उठव आणि सांग, बाबा रे, कुणी आलं नाही, तू आपला पुढं हो.

ऐकायला सोपं वाटतं. एखादा गजर लावायचा, एवढंच की काय, असं मलाही आधी वाटलं होतं. पण झोपलेल्याचं नाव आता दोन ठिकाणी टांगलेलं असतं, एक निरोपांच्या रांगेपाशी आणि एक घड्याळापाशी. ज्यानं आधी उठवलं त्यानं दुसरीकडचं नाव पुसायचं. नाही पुसलं तर जागा झालेल्यालाच कुणीतरी पुन्हा उठवायला येतं आणि पाटी वेड्यासारखं करायला लागते. दोन आठवडे मी त्यातच डोकं घालून बसलो होतो. आई जेवायला हाका मारायची आणि मी वरूनच तिच्यावर खेकसायचो.

अशात जत्रेची बैठक लागली. आमची जत्रा चैत्रात असते. देवाची पालखी गावातून फिरते आणि ज्या ज्या घराला मान आहे त्या घरापुढं थांबते. कुणाचा नारळाचा मान, कुणाचा ओवाळण्याचा. घरातलं माणूस बाहेर येऊन आपला मान पुरा करीपर्यंत पालखी हलत नाही. आणि एकदा हलली की मागं फिरत नाही. मागं फिरलेली पालखी आमच्याकडं अशुभ धरतात, त्यामुळं ते कुणी बोलतसुद्धा नाही.

शेवटचा मान वेशीजवळच्या घराचा. तिथून पालखी माळावरच्या देवळाकडं चढते. त्या घरच्या माणसानं ओलेत्यानं बाहेर यायचं आणि पालखीला खांदा देणाऱ्या पोरांच्या पायांवर घागरभर पाणी घालायचं. घरात म्हातारा-म्हातारी दोघंच. सगळं गाव त्यांना आबा आणि आजी म्हणतं. आबा खाचराच्या बांधावरून पडले तेव्हापासून त्यांची कंबर गेलेली. तरी पाणी मात्र परसातल्या आडातून स्वतःच ओढायचं, आणि तेही ढोल अलीकडच्या घरापाशी वाजला की मगच. कुणीतरी त्यांना एकदा म्हणालं होतं, "आबा, घागर सकाळीच भरून ठिवा की." तर म्हणाले, "देवाच्या मानसांना शिळं पानी घालू व्हय?"

झालं असं की गेली दोन वर्षं पालखी आबांच्या दारापुढं फार वेळ ताटकळली. भर दुपार, सिमेंटचा रस्ता, पोरं अनवाणी. खांदे बदलता येतात, पण तळपाय कुठं ठेवणार. त्यातली निम्मी शिरवळच्या कंपन्यांत कामाला, दुपारच्या पाळीला पोचायचं म्हणून जीव टांगणीला. बैठकीत पोरांनी तक्रार मांडली. वडीलधारे म्हणाले, मान आहे, थांबायलाच पायजे. पोरं म्हणाली, थांबू की, पन किती? तासभर तेच. एकजण म्हणाला मान आबांच्या पुतण्याला द्या, तर दुसरा उठून उभा राहिला, की म्हाताऱ्याच्या जिवंतपणी मान काढता व्हय.

मी एरवी बैठकीत भिंतीला टेकून बसणारा माणूस. पण त्या दिवशी डोक्यात माझंच काम घुमत होतं. मी म्हणालो, "मान कुणाचा काढायचा नाही. फक्त मुदत ठरवा. वीस मिनिटं थांबायचं. तेवढ्यात घरचं माणूस आलं तर ठीक, नाहीतर देवाला नमस्कार करून पुढं." आणि वर जरा शिकवणीच्या सुरात सांगितलं, की जे थांबणं संपायचं कधी हे कुणालाच माहीत नाही ते थांबणंच नव्हे, ते अडकणं असतं. दुधाच्या टाकीची गोष्टही सांगितली. आता आठवलं की कान गरम होतात.

पण बैठकीला ते पटलं. कुणाचाच अपमान नाही, पोरांचे पाय वाचतात, आणि भांडण मिटतं. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हंत्यात शिकल्याला मानूस." मग घड्याळ कुणी धरायचं यावर पुन्हा वाद नको म्हणून तेही काम माझ्याच गळ्यात घातलं. दोन पोक्त माणसं आबांकडं जाऊन सांगून आली. आबा म्हणे एवढंच म्हणाले, "बरं. बसवतो त्यात."

जत्रेच्या आधल्या आठवड्यात माझं कोड बहुतेक तयार झालं होतं. एकच गाठ राहिली होती. समजा मुदत संपली, घड्याळ वाजलं, आणि त्याच क्षणाला निरोपही आला. मग काय? घड्याळाचं ऐकून उचलणाऱ्याला "कुणी आलं नाही" म्हणून हाकलून दिलं तर निरोप अधांतरी राहतो. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला वाटतं आलाच नाही, आणि दोघंही आपापल्या जागी खरे. यावर मी तोड काढली ती साधी होती. घड्याळ वाजल्यावर लगेच पाठ फिरवायची नाही. जाण्याआधी रांगेत एकदा डोकावून बघायचं. निरोप दारात असेल तर तो घ्यायचा आणि मुदत संपली हे विसरून जायचं. ते लिहिलं आणि स्वतःवरच खूश होऊन खाली जाऊन आईला भाकऱ्या थापताना बघत बसलो. आणखी एक सोय मी ठेवली होती. जुने प्रोग्रॅम होते, मुदत नव्हती त्या काळात लिहिलेले. त्यांना एकदम बदला म्हणणं बरं नव्हे. म्हणून त्यांच्यासाठी "लागेल तेवढं थांबा" हा पर्याय तसाच राहू दिला. जुन्यांची एवढी काळजी मी तिथं घेतली होती.

जत्रेच्या दिवशी सारोळ्याहून बहीण आणि मेहुणे आले होते, भोरकडचं ढोलपथक आलं होतं, दारोदार पाहुणे. पालखी वेशीजवळ आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. अलीकडच्या घरापाशी ढोल वाजला तसा आबांच्या परसातून आडाच्या कप्पीचा कुरकुर आवाज सुरू झाला. पालखी दारापुढं थांबली. मी मोबाईलवर वीस मिनिटं लावली आणि बाजूच्या दगडावर उभा राहिलो, म्हणजे पुढच्या पोरांना मी दिसेन. ढोल मधेच वाजायला लागला की बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरली होती: मी हात वर केला की निघायचं.

पोरं पाय बदलत उभी. बायकांनी रस्त्यावर ओली पोती टाकली होती, ती बघता बघता वाळली. कप्पी मधेच थांबायची, मग परत कुरकुरायची. मग थांबली ती थांबलीच. म्हणजे घागर भरली. आता अंगावर पाणी घ्यायचं, आणि कंबर धरून घरातून आरपार पुढच्या दारापर्यंत यायचं. मी मोबाईलकडं बघत होतो आणि दाराकडं बघत होतो.

मोबाईल वाजला. दाराची कडी निघाली. यातलं आधी काय झालं म्हणाल तर मला सांगता येणार नाही. दाराचं एक फळकूट आत सरकलं आणि त्या अंधारात मला घागरीचा काठ दिसला, पितळेचा, आणि तो धरलेला ओला हात. आणि माझा हात वर होता.

तो खाली घेता आला असता. पोरं माझ्याकडंच बघत होती. मी नुसता तळवा दाखवला असता तरी ती थांबली असती, खुशीनं थांबली असती. पण माझ्या डोक्यात काय होतं, तर नियम आपण केला, घड्याळ आपल्या हातात, आणि पहिल्याच खेपेला आपणच तो मोडला तर लोक हसतील. एवढंच होतं. याहून मोठं काहीही नव्हतं. पुढच्या पोरानं "देवाच्या नावानं चांगभलं" म्हणून हाळी दिली, गुलाल उडाला आणि पालखी निघाली.

आबा उंबऱ्यावर आले तेव्हा त्यांच्यापुढं पालखीची पाठ होती. ओलं धोतर पायांना चिकटलेलं, घागर कमरेवर. कुणीतरी "आरं आबा आलं" म्हणालं, पण पालखी चार पावलं पुढं गेली होती आणि तिला मागं बोलवणारं कुणी नव्हतं. आबा रस्त्यावर आले, जिथं पोरं उभी होती त्या जागेवर सगळी घागर ओतली, आणि आत गेले. दार लावून घेतलं. मी दगडावरून उतरलो आणि गर्दीत मिसळलो.

पोरं वेळेवर कामाला गेली. जेवणाच्या पंगतीत मेहुणे म्हणाले, "तुमची आयडिया झ्याक चालली की. आमच्याकडं बी करायला पायजे." अध्यक्षांनी पाठ थोपटली, फुडच्या साली समद्या घरांना हेच लावू म्हणाले. मी हसलो. घास तोंडात फिरत होता तो गिळला. बरं वाटत नव्हतं, पण अंगावर यावं इतकंही वाईट वाटत नव्हतं. म्हातारा उशिरा आला, चुकामूक झाली, पुढच्या वर्षी बघू. अशी वाक्यं माणसाला लगेच सुचतात.

नंतर कंपनीत माझं काम तपासायला घेतलं. मोबाईलवर बैठक होती. एक सहकारी मुलगी, हुशार, तिनं नेमकं तेच विचारलं, "सर, टाइमआउट आणि मेसेज एकाच वेळी आले तर जिंकतं कोण?" मी म्हणालो, "मेसेज. नेहमी मेसेज. दारात आलेल्याला घड्याळ दाखवून परत लावायचं नाही." हे मी अगदी जोरात, जीव तोडून सांगितलं. आणि पुढं काय बोलायचं तेच सुचेना. तिला वाटलं आमच्याकडची रेंज गेली. ती "सर, सर" करत राहिली आणि मी माडीच्या खिडकीतून खालच्या रस्त्याकडं बघत बसलो.

त्यानंतर मात्र पाठ सुटली नाही. संध्याकाळी देवळावरून जावं तर आबा पायरीवर बसलेले, पणतीला हाताचा आडोसा धरून. एवढी चढण ते कंबर गेलेलं माणूस रोज कसं चढतं, कुणास ठाऊक. मी लांबूनच वळायचो. एक दिवस भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "आबांनी रातचं जेवान सोडलंय. देव दारातनं पाठ फिरवून गेला म्हनं. आपल्या हातनं काय तरी वंगाळ घडलं आसंल म्हनून. आजी लई काळजी करतीया." मी पुढ्यातली भाजी चाळवली. आई म्हणाली, "वाळून काटकी झाल्यात." मी उठून माडीवर गेलो.

एक वाक्य सांगायचं होतं. देव नाही गेला, मी घालवला. पण ते सांगायला मला जमेना. आज काम आहे, उद्या भोरला जायचंय, परवा पाहुणे. एकदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि आतून बोलण्याचा आवाज आला म्हणून परतलो, जसं काही त्यांनी बोलूच नये. मनात असंही येई, की सांगून आता काय होणार, पालखी थोडीच परत येणार आहे. इकडं माझं कोड पास झालं, यंत्रांत गेलं, एकही तक्रार आली नाही. एका यंत्राच्या पाटीवरचा एक निरोप हरवू नये म्हणून दोन आठवडे जागलेला मी, आणि तीन दारं पलीकडं एक म्हातारा उपाशी झोपतोय हे माहीत असून वर माडीवर गिळतोय. स्वतःची शिसारी आली म्हटलं तर खोटं होणार नाही.

शेवटी दिवेलागणीला गेलो. आजी चुलीपुढं होत्या. आबा नुकतेच देवळातून येऊन खांबाला टेकले होते. खरंच वाळले होते. गळ्याखालची हाडं दिसत होती. मला बघून म्हणाले, "ये, बस." मी बसलो. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, ते सगळं पुसलं गेलं. मग आबांनीच विचारलं, "बरं झालं आलास. तुज्या हातात घड्याळ व्हतं, म्हनून इचारतो. म्या दारात आलो तवा येळ संपली व्हती का न्हवती?"

"संपली होती आबा." हे खरंच होतं.

त्यांनी मान हलवली. "मंग बरूबर हाय. देवानं येळंवर पाठ फिरवली. म्याच कुठं तरी चुकलो."

मला वाटतं त्या वेळी मी उठून गेलो असतो तर जन्मभर तसाच राहिलो असतो. मी म्हणालो, "नाही आबा. वेळ संपली आणि तुम्ही दारात होता. दोन्ही एकदमच झालं. घागर मला दिसली होती. मी हात खाली घेतला असता तर पालखी थांबली असती. मी घेतला नाही. लोक हसतील म्हणून घेतला नाही. देवाचा यात काही संबंध नाही."

आबांनी खांबावरची पाठ सरळ केली. "घागर दिसली व्हती?"

"हो. घागर, आणि तुमचा हात."

"पानी घिऊन आल्यालं दिसलं व्हतं?"

"हो."

ते चुलीकडं वळले. "ऐकलं का गं? आपुन पोचलो व्हतो म्हनं." रागाचा लवलेश नव्हता. आवाजात चक्क आनंद होता, आणि तो मला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या, अंगावर धावून आले असते, तर मी ते घेतलं असतं.

आजींना मात्र आनंद झाला नव्हता. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "आन् हे तू आत्ता सांगाया आलास?" त्या म्हणाल्या. "तुमचा निरोप आल्यापास्नं ह्ये रोज दुपारी घागर भरून बगत व्हते. कंबर धरून. येळंत बसलं पायजे म्हनून. म्या म्हनायची, पडाल, तर म्हनायचे, गावानं सांगितलंय. आन् त्या दिसापास्नं रातचा घास न्हाई. आमी रोज बसून इचार करायचो, कुनाचं काय खाल्लं, कुनाला काय बोललो, कुठला नवस ऱ्हायला. आन् तुला ठावं व्हतं. तुला समदं ठावं व्हतं."

"चुकलं आजी," मी म्हणालो. ते बोलणं त्यांच्यापर्यंत गेलं की नाही कळलं नाही. त्या उठल्या, तवा चढवला, भाकरी टाकली. आबा म्हणाले, "आज?" त्या म्हणाल्या, "आजच." ताट आबांपुढं सरकवलं. भाकरी, पिठलं, कांदा. आबांनी देवाच्या नावानं एक तुकडा बाजूला काढला आणि हळूहळू जेवायला लागले. सवय गेल्यासारखे, प्रत्येक घासाला थांबत. आजी त्यांच्यासमोर बसून बघत राहिल्या. माझ्याकडं त्यांची पाठ होती.

मी थोडा वेळ बसलो. मग "येतो" म्हणून उठलो. आबांनी भरल्या तोंडानं मान हलवली. आमच्या गावात कुणाच्याही घरातून चहा न घेता उठलं तर मागून अंगणापर्यंत हाक येते, थांब, चहा ठेवलाय. मी चपला शोधल्या, घातल्या, अंगण ओलांडून रस्त्यावर आलो. हाक आली नाही.